शिवा घरताची पाटलोण आणि माझा दुसरा साक्षीदार

मी, हरेश पोशा घरत, वय ७१, राहणार नावडे गाव, न्हावा शेवा बंदरात तीस वर्षं क्लिअरिंग एजंटकडे कारकुनी करून निवृत्त, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पत्नी कमळी हिची त्या दाखल्याला तोंडी हरकत आहे. ती नोंदवून घ्यावी.

१. राहतं घर कमळीचं. तिच्या पश्चात मुलगा प्रणय याचं. प्रणयने अंगणातलं शेवग्याचं झाड पार्किंगसाठी तोडू नये. तोडल्यास मी काही करू शकणार नाही, पण त्याला शेवग्याच्या शेंगा विकत आणताना माझी आठवण येईल.

२. शेजारच्या विमलबाईंनी २०१७ साली नेलेली शिडी. ती मी त्यांनाच देऊन टाकणार होतो. पण वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही न केलेली बरी. विमलबाई माझ्या पहिल्या साक्षीदार आहेत. तेव्हा शिडी परत आणून द्यावी.

३. पत्र्याची ट्रंक व आतले कागद. हे कलम लांबणार आहे, वकिलांनी खुर्ची घ्यावी.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की खापरपणजोबांचा भाऊ शिवा घरत याने मिठागरावर गोऱ्या साहेबाच्या कानाखाली वाजवली, म्हणून त्याला काळ्या पाण्यावर धाडलं. माझा धाकटा भाऊ जयदेव याने सहा वर्षांपूर्वी नाक्यावर 'क्रांतिवीर शिवा घरत चौक' असा बोर्ड लावला. नगरसेवक आले, बेंजो आला. नेमकं त्याच आठवड्यात जयदेवची मुलगी रुतिका हिने खटपट करून ऑस्ट्रेलियातल्या दप्तरखान्यातून शिवाच्या कागदांच्या नकला मागवल्या होत्या. तिने त्या पहिल्या मला दाखवल्या, कारण जुनं इंग्रजी अक्षर घरात मलाच लागतं.

सन १८३६. गुन्हा: साहेबाच्या बंगल्यातून दोन बदकं आणि एक पाटलोण यांची चोरी. शिक्षा: सात वर्षं, न्यू साउथ वेल्स वसाहत. बदकं खाल्ल्यामुळे पुराव्यात नव्हती. पाटलोण मात्र शिवा गावातल्या हळदीत घालून नाचला, आणि तिथेच पकडला गेला.

मी जन्मभर कागदावरचा माल आणि कंटेनरमधला माल ताडून पाहिला. जुळला नाही की बोलायचं, ही सवय. बोर्डावरचा माल कागदाशी जुळत नव्हता. मी माईक घेतला आणि सगळं वाचून दाखवलं, बदकांसकट. तेव्हापासून रिक्षावाले त्या जागेला पाटलोण चौक म्हणतात.

जयदेव एवढंच म्हणाला, "खरा हाय म्हनून सख्ख्या भावानी माईकवर बोलाचा?" त्यानंतर सहा वर्षं तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. माझ्या बायपासच्या वेळी आला, तेही डॉक्टरांशी बोलून गेला.

मी बरोबर होतो, असं मी परवापर्यंत धरून बसलो होतो. परवा रुतिकाने तेव्हा न मिळालेली दोन पानं आणली. पहिल्यावर कोर्टातली साक्ष आहे. हा कोण? "माझा सख्खा भाऊ." अंगावरची पाटलोण त्याची आहे काय? "त्याची नाही." साक्षीदार: सदू घरत. शिवा परत आला नाही, त्याला मूलबाळ नव्हतं. आम्ही सगळे सदूचे.

दुसरं पान चार वर्षांनंतरचं, सदूचा सरकारकडे अर्ज. "मी बोललो ते खरं होतं, पण भावाला परत आणा, नाहीतर मलाही तिकडे पाठवा." सहीच्या जागी नांगराची निशाणी. खाली साहेबाचा शेरा: नामंजूर.

कानाखाली वाजवल्याची गोष्ट सदूनेच रचली असावी, असं मला वाटतं. ही दोन पानं मी माईकवर वाचणार नाही. अर्जाचं पान वाचून मला रडू आलं, हे कमळीला माहीत आहे. इतरांना आता कळेल.

ट्रंक रुतिकाची. बोर्ड जसा आहे तसा राहू द्यावा.

४. भाऊ जयदेव यास मी काहीही देत नाही. वडिलांचं जाळंसुद्धा नाही, ज्यावर त्याचा डोळा आहे. कारण मला तो दुसरा साक्षीदार म्हणून हवा आहे. वकील म्हणतात, ऑफिसातला कोणीही उभा करू. मला कोणीही नको. जयदेव समोर उभा राहिल्याशिवाय मी सही करणार नाही, आणि सहीविना हा कागद रद्दी आहे. मग घराचं काय व्हायचं ते होवो. रुतिकाने हा मसुदा त्याला नेऊन द्यावा. माझं चुकलं, हे त्यात लिहिलेलं नाही असं त्याने म्हणू नये: माझं चुकलं.

ठिकाण: नावडे, ता. पनवेल
मसुदा: ३ फेब्रुवारी २०२६
सह्या: २२ फेब्रुवारी २०२६

मृत्युपत्र करणार: हरेश पोशा घरत

साक्षीदार १: विमलबाई धर्मराज भोईर (शिडी मोडली आहे.)

साक्षीदार २: जयदेव पोशा घरत
वाचून, समोर सही केली. हा माझा सख्खा भाऊ. अंगावरची पाटलोण त्याचीच आहे.