बावखलाच्या खेळात माझी ओळख

आय, तुळिंजच्या फ्लॅटमधून लिहिते आहे. अक्षर चौथीचंच आहे, हसू नकोस. तुला तेवढंही येत नव्हतं.

माझी नात रविवारी दुपारी कॉम्प्युटरवर खेळ बनवते. खेळत नाही, बनवते. सोबत आणखी चार पोरं, चार गावची, एकमेकांना कधी भेटलेली नाहीत. मी विचारलं, "पैसे किती देतात?" तर म्हणते, "काही नाही आजी, हौस." फुकट राबणारी माणसं मी लग्नाच्या मांडवात पाहिली, तीही जेवणावर डोळा ठेवून. त्यात खेळ कसला, तर वटारच्या आपल्या वाडीतल्या बावखलाचा. त्या तळ्यातून एक बाई पाणी काढते आणि केळी जगवते. मीच नातीला सांगितलेलं, तिने चारचौघांत वाटलं. आता चित्र बरोबर आहे का ते बघायला त्यांना मी हवी होते. पण आधी ओळख द्यायची, असा त्यांचा नियम: नाव काय, काय येतं, कशासाठी आलात.

नाव विचारणारे मला ठाऊक आहेत. मी आठ वर्षांची, कळशी घेऊन बावखलाशी उभी. पांढऱ्या शर्टातले दोघे गोड बोलतात, "बाळ, नाव काय तुझं? हे कोणाचं?" मी माझं सांगते, बाबांचं सांगते, हद्द कुठवर तेही बोटाने दाखवते. तू ओल्या हातानेच थोबाडीत दिलीस. "नाव मागतोय तो उद्या जागा मागंल. कोनाला काय सांगायचं नाय." पुढच्या पावसाआधी बावखल मातीने बुजवलेलं होतं. माझ्यामुळे का, ते तू कधी बोलली नाहीस. मीही विचारलं नाही.

म्हणून नातीला आधीच विचारलं, "हे कुठे लिहून घेतात का?" "नाही गं." आणि पडद्यावर त्या चौघांतली एक पोरगी टकाटका लिहीत होती. मी नाव सांगितलं. नातीने वळून माझ्याकडे पाहिलं. पुढे म्हटलं, "पाणी काढते, केळी लावते, कोण खोटं बोलतं ते ओळखते. आले ती नातीवर लक्ष ठेवायला." पोरं हसली. एक म्हणाला, "मग आजी, आमचं बावखल खरं की खोटं?" कडेला सिमेंटच्या पायऱ्या होत्या, महापालिकेच्या हौदासारख्या. म्हटलं, "पुसा त्या. माडाचा ओंडका टाका, त्यावर पाय देऊन बाई वाकते." त्यांनी तिथल्या तिथे पुसल्या. मी वाट बघत बसले, आता विचारतील जागा कुठली, सातबारा कोणाचा. विचारलं ते एवढंच, की ओंडका घसरतो का.

काल खेळातली बाई हलायला लागली. ओंडक्यावरून कळशी बुडवते, आणि तिच्या डोक्यावर नाव लिहिलंय. माझ्या मानासाठी, म्हणाले. ते तुझं नाव आहे, आय. ओळख देताना मी माझं लपवलं आणि तोंडात आलं ते दिलं.

हे पत्र तांदळाच्या डब्याखाली राहील. संशय तर त्यांनी ओंडक्याचं विचारलं तेव्हाच गेला होता, खरं नाव सांगता आलं असतं. पण पोरं तुझं नाव घेऊन पुढे आजी लावतात, आणि या घरात ते नाव कोणी घेऊन कित्येक वर्षं झाली होती. म्हणून मी ओ देते.