चव कोण बघतं?

अर्नाळा,
ता. ९ नोव्हेंबर १९५४

प्रिय रोझी,

जय जेजू. मोतमावलीच्या कृपेनं मी इथं बरा आहे. तू, सिप्रियनभाऊ आणि हॉटेलातली मंडळी सुखरूप असाल असं धरून लिहितो आहे. तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तराला उशीर झाला. इथं मला काही काम नाही, आणि बिनकामाच्या माणसाला कशालाच वेळ मिळत नाही.

हवापालट मानवली. ताप पुन्हा आला नाही, पायांत बळ आलं. सकाळी किनाऱ्यावर जातो. होड्या लागतात, बायका पाट्या घेऊन पाण्यात उतरतात. परवा एका म्हातारीनं मला अडवलं. "तूच ना तो रेडिओवरचा सॅन्टन मास्टर? आमचाच बाटलीचा मसाला आमालाच शिकवतोस होय?" तिच्याबरोबर मीही हसलो. याच किनाऱ्यावरून मी आगबोटीच्या भटारखान्यात बटाटे सोलायला गेलो होतो. आज धोबीतलावला आपलं हॉटेल आहे, आणि बुधवारी दुपारी लोक रेडिओ लावून माझं बोलणं ऐकतात. त्या म्हातारीला माझं कौतुक वाटत होतं, आणि मला मात्र तिथून निघून जावंसं वाटत होतं.

कधी परत येणार, असं तू दोन्ही पत्रांत विचारलंस. नाताळच्या कार्यक्रमात मी डुकराच्या मटणाचा इंदाल कसा करायचा ते सांगावं म्हणून रेडिओवाल्यांचा माणूस येऊन गेला, तेही लिहिलंस. त्याचं पुढं लिहितो. आधी आमच्याकडची हकिकत ऐक.

क्लेमेंटीनबाय माझ्याशी बहिणीसारखी नाही, आईसारखी वागते. इतकी वर्षं जगाला खाऊ घातलंस, आता गप बसून खा म्हणते. गेल्या गुरुवारी तिनं घोळ माशाचं कालवण केलं. मला आधी वाढलं. मी जेवत होतो, तिला सांगतही होतो की छान झालंय, मसाला बेताचा पडलाय. मग ती स्वतः वाढून घ्यायला बसली आणि पळी टोपावर तशीच धरून राहिली.

"सॅन्टन, थांब. कालवनाला कसला वास येतो?"

"मसाल्याचा," मी म्हटलं.

"घासलेटाचा येतो. कंदील भरताना टोपात उडालं असंल. तू अर्धं ताट संपवलंस."

मी हातातला घास ताटात ठेवला. तिनं ते उचलून नेलं, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"कधीपासून?"

सर्दी आहे म्हणालो. तिनं पुन्हा तेच विचारलं. मग सांगितलं.

रोझी, तुलाही आता सांगतो. बांद्र्याच्या जत्रेच्या आठवड्यात ताप आला, तो उतरला, पण त्यात गेलेला वास परत आला नाही. जिभेला तिखट कळतं, मीठ कळतं. त्यापलीकडे सगळं कालवण म्हणजे नुसतं गरम पाणी. वाटलं होतं, चार दिवसांत येईल. इथं आल्यावर सुकत घातलेल्या बोंबलांत जाऊन उभा राहिलो. तिथून जाताना परगावची माणसं नाकाला पदर लावतात. मी एक बोंबील गालाला टेकवला. खरखरीत लागला, एवढंच.

तापानंतर मी दोनदा रेडिओवर बोललो. कांदा कसा परतायचा, मसाल्याचा वास कुठे पालटतो, सगळं आठवणीतून सांगितलं. ऐकताना तोंडाला पाणी सुटलं म्हणून पुण्याहून कुणीतरी लिहिलं. असं मी आणखी दहा वर्षं बोलू शकेन. रेडिओवर कोण ताट पुढं करणार आहे? नाताळचा इंदालही सांगून मोकळा होईन, असंच मी ठरवून ठेवलं होतं.

पण क्लेमेंटीनबायनं विचारलं, "मंग हाटेलात चव कोन बघतं?"

"मीच बघतो. हाताला सवय आहे," मी म्हणालो.

ती म्हणाली, "हाताला नाक असतं होय?"

त्या रात्री मी विचार करत पडलो. ताप उतरल्यापासून मी निघेपर्यंत आपल्याकडे एकही ताट परत आलं नव्हतं. मला त्याचा अभिमान वाटत होता. मग तू आठवलीस. इतकी वर्षं गल्ल्यावर बसणारी तू, बसून पाठ दुखते म्हणून सिप्रियनभाऊला तिथं बसवलंस आणि आत आलीस. मी पळी ठेवून वळलो की तू टोपावर वाकलेली असायचीस. मला वाटायचं, झाकण ठेवते आहे.

तुला सगळं माहीत होतं. हवापालटीला जा म्हणून माझी पेटी भरलीस, तेव्हाही माहीत होतं. माझ्या तोंडून ऐकावं म्हणून थांबलीस की मला लाज वाटू नये म्हणून, ते मी विचारणार नाही.

रेडिओवाल्यांना मी काल पत्र टाकलं. यापुढं येणार नाही असं कारणासकट लिहिलं. माझ्याऐवजी माझ्या बायकोला विचारा, असंही लिहिलं. तू जावंस असा हुकूम नाही. पण गेलीस तर माझं नाव सांगू नकोस, तुझंच सांग. तुमच्या वटार गावची बोली मध्ये आली तर येऊ दे. आणि इंदाल माझ्या पद्धतीनं सांगू नकोस. तू अलीकडे टोपावर वाकून त्यात काय बदललंस ते मला कळलेलं नाही. गिऱ्हाइकांना आवडलं आहे, तेव्हा तेच खरं.

एवढं लिहूनही खरी गोष्ट राहिलीच. मला परत यायची भीती वाटते. माझ्याच भटारखान्यात मी कुठं उभा राहू, हे मला सुचत नाही. मासा अजून चांगला कापतो, भाव करता येतो, आणि म्हणशील तर गल्ल्यावर बसेन. माझी जागा तू ठरव आणि दोन ओळी टाक, म्हणजे मी निघतो.

तुझ्या हातचं जेवणारा,
सॅन्टन