दत्तूचा केशरी फेटा

प्रिय दत्तू,

काल पहाटे तू स्वप्नात आलास. बोरीच्या पाटाच्या कडेनं, कोटावर बर्फ घेऊन चालला होतास, आणि आपला ऊस बाजूला होऊन तुला वाट देत होता. मला बघून म्हणालास, "आक्का, माझा फेटा कुठाय?" जाग आली, पण उत्तर द्यायचं राहिलं. म्हणून लिहितेय. परवा धाकट्या मंगलचं लग्न आहे रे. नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं, आणि मामा तर तू एकटाच होतास!

पुडीच्या कागदावरची अक्षरं जुळवत वाचायला शिकलेली मी, तुझी वकिलात मला काय कळणार? मॉस्को, नैरोबी, अंकारा... तुझ्या बदल्यांच्या गावांची नावं भाकरी थापताना घोळवत बसायचे. फोनवर विचारायचे, दिवसभर करतोस तरी काय? तू हसायचास. दोन देशांना एका टेबलाशी बसवायचं, कोण कोणाच्या शेजारी, कोणाचा झेंडा कुठं. जरा चुकलं की रुसवे. मनात म्हणायचे, हे तर आपल्या मांडवातलंच!

आणि तू चुकलास कुठं? आपल्याच मांडवात!

थोरल्या सुनंदाच्या लग्नाला रजा काढून आलास. पाहुण्यांना फेटे बांधायचा मान तुला दिला. तिकडच्या सवयीनं तू हुद्दा बघून सुरुवात केलीस. आधी तालुक्याचे साहेब, मग पुण्याचे पाहुणे. आपले चुलतभाऊ तात्या, भावकीत सगळ्यांत थोरले, ते राहिले शेवटी. तात्या उठले ते थेट ओढ्याकाठच्या जांभळीखाली. मागोमाग सगळी भावकी. मुहूर्त तोंडावर, सुनंदा रडवेली.

तू त्यांच्यामागं निघालास, मी तुझ्यामागं धावले. तू मात्र सुटातच तात्यांशेजारी मातीत बसलास. समजूत काढली नाहीस. कांद्याचं विचारलंस, म्हाताऱ्या बैलाचं विचारलंस. शेवटी तात्याच बोलले, "देशादेशांची भांडणं मिटवतो म्हनं तू. आन् घरात कोन थोरलं, ते ठावं न्हाई?"

"लई वर्षं भाईर राहिलो, तात्या. तिकडं मी देशाचा मान राखतो. हितं माझा तुमी राखा." आणि स्वतःच्या डोक्यावरचा केशरी फेटा त्यांना बांधलास.

"आधी तंबाखू मळ," तात्या म्हणाले. तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

रिटायर झालो की बोरीत दोन खोल्या बांधीन, असं म्हणाला होतास ना? एवढा शब्दाचा पक्का तू, आणि नेमका हाच शब्द मोडलास! परमुलखातच डोळे मिटलेस. इकडून तिकडं जायला व्हिसा लागतो म्हणायचास. तिथून स्वप्नात यायला लागत नाही वाटतं?

काल उजाडताच तात्यांकडं गेले. आता त्यांना नीट दिसतही नाही. मंगलच्या पाठीशी उभे राहाल का, विचारलं. ते उठले. मग चाचपडत पेटी उघडली आणि तुझा तो फेटा काढला. रंग उडालाय, पण घडी मोडलेली नाही.

"त्याच्या जागी न्हाई उभा राहनार मी," म्हणाले. "त्याच्या वतीनं राहीन. ह्यो बांधून."

दत्तू, जन्मभर तू देशाच्या वतीनंच उभा राहिलास ना रे?

तुला शब्द देते. परवा मांडवात पहिला फेटा बांधला जाईल तो तुझाच, तात्यांच्या डोक्यावर. तात्यांचा हात मंगलच्या पाठीवर असेल, आणि मी अक्षता टाकताना त्यांच्या तोंडाकडं बघणार नाही. तोंड बघितलं की तात्या दिसतील. नुसता फेटाच बघेन. तू कोटावरचा बर्फ झटकून ये.

तुझी वाट बघणारी,
आक्का