क्राउनचा चौथा अर्थ

पाम,
१५ फेब्रुवारी १९८७

प्रिय वामनदादा,

तुझं मस्कतचं पत्र पोचलं. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायला घेतलं होतं. तो कागद फाडला.

मंगळवारी सासूबाईंना बोईसरला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. दाढ तपासून ते म्हणाले, "हिच्यावर क्राउन बसवावा लागेल." मला हसूच आलं. दाताला कसला मुकुट? त्यांनी खणातून स्टीलची एक टोपी काढून माझ्या तळहातावर ठेवली. सासूबाईंना तिथेच सोडून मी बाहेर पायरीवर येऊन बसले.

दोन वर्षांपूर्वी बाबांची होडी उलटलेली सापडली, बाबा सापडले नाहीत. तू तेव्हा तिकडेच होतास. पंधरा दिवसांनी गुजरातच्या किनाऱ्यावरून पोलिसांचा इंग्रजी कागद आला. अनोळखी पुरुषाचं प्रेत, वय पन्नाशीचं, चेहरा ओळखू येत नाही. खाली खूण लिहिली होती: अप्पर लेफ्ट, क्राउन. हवालदारांनी कागद माझ्यापुढे धरला, कारण आपल्या घरात मॅट्रिक झालेली मीच. शाळेत क्राउन म्हणजे राजाचा मुकुट, एवढंच शिकले होते. मी सांगितलं, डाव्या दंडावर मुकुट गोंदलेला असणार. त्यांनाही ते पटलं. बाबांनी तर अंगावर कधीच काही गोंदवलं नव्हतं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. "आपला मानूस नाय ना तो?" मी म्हणाले, "नाय गं आय." तसंच कळवलं, आणि तिकडे त्यांनी त्या माणसाला बेवारस म्हणून जाळलं.

मंगळवारी घरी आल्यावर ह्यांचा शब्दकोश उघडला. मुकुट, राजसत्ता, डोक्याचा माथा, आणि चौथा अर्थ दाताचं टोपण. तेव्हाही हा कोश ह्याच फळीवर होता, दादा. मी उघडला नाही.

आई अजून रोज कुंकू लावते. होड्या लागायच्या वेळी किनाऱ्यावर जाऊन उभी राहते. काल माहेरी दांडीला गेले तर बोंबील वाळत घालत होती. मीही तिच्या बाजूला बसून घालत राहिले.

माझ्या लग्नाआधी बाबांना पालघरला नेऊन दाढेवर टोपी तूच बसवून आणली होतीस. वरच्या दाढेला होती, एवढं मला आठवतं. पण डावीकडे की उजवीकडे? पाच दिवस डोळे मिटून बाबांना हसताना बघते आहे, बाजू काही ठरत नाही. तेवढंच विचारायला हे पत्र. उत्तर माझ्या पत्त्यावर पाठव, दांडीला नको. डावी असेल तर डावीच लिही, माझ्यासाठी बदलू नकोस. आईला मी सांगेन. तेव्हा नाही म्हणणारी मीच होते.

तुझीच,
जमना