तक्रारदाराच्या ड्रमातल्या अळ्या

वाशी,
१४ सप्टेंबर १९८३

तीर्थरूप कमळाकरकाका यांना अरविंदचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांत अजून जोर नाही, पण नमस्कार पुरता आहे.) तुमची आणि काकूंची तब्येत कशी आहे? गुहागरकडे भाताचं पीक नीट आहे ना? इथे आम्ही तिघंही आता ठीक आहोत आणि ते ज्या बाईंमुळे, त्या दुर्गाबाईंविषयी तुम्हाला लिहिल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

इथे नळाला पाणी सकाळी तासभर येतं. म्हणून मी गॅलरीत दोनशे लिटरचा ड्रम ठेवला होता आणि तो कायम काठोकाठ भरलेला असे. (रिकामा ड्रम बघितला की मला कसंतरी होतं, हे आपल्या घराण्यातच आहे.) संध्याकाळी डास इतके येत, की वैजयंती फोडणीसुद्धा कढईवर झाकण धरून करायची. हे सगळे खाडीकडून येतात अशी माझी पक्की खात्री. तशी तक्रार मी आरोग्य खात्याच्या कचेरीत तीनदा केली, तीही इंग्रजीतून. तिसऱ्या अर्जाला मान देऊन त्यांनी चौकशीला पाठवल्या त्या घणसोली गावच्या दुर्गाबाई. खांद्याला पिशवी, हातात लांब दांड्याची पळी. खाडीकडे ढुंकूनही न बघता त्या थेट गॅलरीत गेल्या, ड्रमात पळी बुडवली आणि माझ्या नाकासमोर धरली. पाण्यात बारीक काड्यांसारखं काहीतरी वळवळत होतं.

"ही डासांची पोरां हायेत साहेब. आठवड्यान उडतील. पानी वतून टाका."

मी म्हणालो, पाणी ओतणार नाही, तुम्ही खाडीचं बघा. त्यांनी वहीत 'तक्रारदाराच्या घरीच अळ्या सापडल्या' असं लिहून माझी सही घेतली. (ती मी सवयीने केली. वाचून सही करायची हे मला फक्त ऑफिसात आठवतं.) पुढे दोनदा त्या आल्या आणि दोन्ही वेळा मी आतून कडी लावून गप्प बसलो.

मग मला थंडी वाजून आली. तीन रजया घेऊनही खाट इतकी हलत होती, की खालचे श्यामसुंदर विचारायला आले, शिलाईचं मशीन घेतलंत का म्हणून. घाम येऊन ताप उतरे, दुसरा दिवस बरा जाई, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी 'फ्लू आहे' म्हणत कपाळाला बाम चोळत राहिलो. महिना होत आला आणि आमची सात वर्षांची मीना तशीच कुडकुडू लागली. त्या दिवशी दुर्गाबाईंना मीच जाऊन बोलावून आणलं.

मीना बोट देईना. म्हणून त्यांनी आधी माझ्या बोटाला सुई टोचली. मी ओरडलो, तापातही मीना हसली आणि तिने बोट पुढे केलं. काचेच्या पट्टीवर दोघांचं रक्त गेलं आणि दोघांनाही मलेरिया निघाला. दुर्गाबाई म्हणाल्या, डास आधी तुम्हाला चावला असेल, मग पोरीला. काका, म्हणजे मी घरात वाढवलेल्या डासांनी माझाच ताप माझ्या मुलीला नेऊन दिला. त्या बाई मात्र एका शब्दानेही टोचून बोलल्या नाहीत. रोज येऊन, समोर उभं राहून दोघांना कडू गोळ्या गिळायला लावल्या. आठवड्यात मीना खाली लंगडी खेळायला गेली. मी लुगडं घेऊन घणसोलीला त्यांच्या घरी गेलो, तर म्हणाल्या, "लुगडं नको साहेब. ड्रमाला झाकन करा."

केलं. आता दर शनिवारी ड्रम ओततो, घासतो, वाळवतो; कुंड्यांखालच्या बश्याही. निजायला मच्छरदाणी आहे. शिवाय शेजाऱ्यांच्या गॅलऱ्या मी स्वतः तपासतो. (आमटीच्या पळीने. ती पळी वैजयंतीने परत स्वयंपाकघरात घेतलेली नाही.)

तुमचा,
अरविंद

ता. क. तुम्हालाही तीन आठवडे दिवसाआड थंडीताप येतोय आणि तुम्ही काढ्यावर भागवताय, असं काकूंनी कळवलंय. (त्यांनी कळवल्याचं तुम्हाला कळवू नये, असंही कळवलंय.) एवढं लांबलचक पत्र त्यासाठीच. रक्त तपासून घ्या.

आणखी एक : तुमच्या आरोग्य केंद्रालाही मी लिहिलंय. बुधवारी त्यांचा माणूस घरी येईल. 'गृहस्थ अतिशय शांत स्वभावाचे आहेत' असं त्यांना कळवून ठेवलंय. माझा शब्द तेवढा राखा.