शिंदखेड्यातलं तर्कशास्त्र

शिंदखेडा,
१२ सप्टेंबर १९९१

ती. नानांस,
पुष्पाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म एकदाचा भरला. बाहेरून बसायचं, म्हणजे वर्ग नाही, सर नाहीत. पुस्तकं आणि मी. ह्यांनी आनंदाने सही केली. आबांनी मात्र सुनेचा फॉर्म दिसायला नको म्हणून चष्माच काढून ठेवला.

सहावा विषय तर्कशास्त्र घेतला, कारण त्याचं पुस्तक सगळ्यांत बारीक होतं. आता कळतंय, एकेका ओळीला तीन-तीन दिवस लागतात आणि विचारायला अख्ख्या तालुक्यात कोणी नाही. मिरच्यांची देठं खुडताना मी मोठ्याने वाचते, 'सर्व माणसे मर्त्य आहेत.' काल सासूबाईंनी विचारलं, मानूस मरस हाई समजाले पुस्तक कसाले जोयजे? माणूस मरतो हे कळायला पुस्तक कशाला लागतं, ते मी अजून त्याच पुस्तकात शोधतेय.

जळगावात जुन्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तर पाठवा.

लोभ आहेच, परीक्षेपुरता तो थोडा वाढवावा.

तुमची,
पुष्पा


पिंप्राळा, जळगाव,
३ डिसेंबर १९९१

चि. सौ. पुष्पास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोबत तीन प्रश्नपत्रिका आहेत. मी त्या वाचल्या. समजल्या नाहीत, म्हणजे बरोबर असाव्यात.

तुझा भाऊ अभिमन तुमच्याकडून आला आणि त्याने जे सांगितलं त्यावर मी दोन घास कमी जेवलो. आबा म्हणे म्हणाले, शिकणाऱ्या सुनांच्या भाकरी करपतात. त्यावर तू टम्म फुगलेली भाकरी त्यांच्या ताटात ठेवून, एका उदाहरणाने सार्वत्रिक विधान खोटं पडतं, असं सुनावलंस. अगं, भाकरी वाढायची असते, पुरावा म्हणून मांडायची नसते! आईने देवापुढे दुसरा दिवा लावलाय.

बोर्डाच्या पेपरात खुशाल जिंक, घरात हरत जा. मी तीस वर्षं तसाच संसार केला. आई तिकडे आली तर हे पत्र तिच्या हाती लागू देऊ नकोस.

आमची माया पाठीशी आहे, तू तोंडाला कुलूप लाव.

तुझे नाना


शिंदखेडा,
२० फेब्रुवारी १९९२

ती. नानांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे गप्प बसले आणि वर्ष बुडायची वेळ आली. माझ्या धाकट्या दिरांचा, भटूभाऊजींचा, साखरपुडा नऊ मार्चला ठरला, आणि त्याच दिवशी धुळ्याला माझा तर्कशास्त्राचा पेपर. आबा म्हणाले, मोठी सून घरात हवीच. मी पुस्तक पेटीत टाकलं आणि दोन दिवस भाजीत मीठ घालायला विसरले.

परवा मुलीकडचे शिरपूरहून याद्या करायला आले. चहा झाल्यावर सासूबाई उंबऱ्यात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, बोर्डाना दिन एकच शे, मुहूर्त चार शेतस. जे चार शेतस ते सरकस, जे एक शे ते सरकस नही. मग आता काय सरकवायचं ते तुम्हीच सांगा, असं त्यांनी व्याह्यांनाच विचारलं. व्याही टोपी नीट करत राहिले. आबांनी विचारलं, हे कुठे शिकलीस? त्या म्हणाल्या, सहा महिने मिरच्या काय एकटी सूनच खुडत होती?

साखरपुडा पंधरा तारखेवर गेला. सासूबाई मला सोडायला धुळ्याला येणार आहेत. नाना, पुस्तक पेटीतून काढलं तेव्हा मला रडू आलं.

घरच्या सगळ्यांनी अशीच माया ठेवावी.

पुष्पा


शिंदखेडा,
१४ जून १९९२

ती. नानांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

निकाल लागला. आईला आधी बसवा आणि मग वाचून दाखवा. तर्कशास्त्रात एकाहत्तर. इंग्रजीत काठावर पास. मराठीत एकतीस, म्हणजे नापास.

मराठी काय, आपलीच, म्हणून तिचं पुस्तक पेपरच्या आदल्या दिवशी उघडलं होतं. कवी चंद्राशी काय बोलतो, असं विचारलं होतं. चंद्राला ऐकू येत नाही, हे मी दीड पान सिद्ध केलं.

मला वाटलं, आबा आता शिक्षण बंद करणार. मी ताट वाढायलाही समोर गेले नाही. सासूबाई म्हणाल्या, पाच सुटले, एक राहिला, ऑक्टोबरात तो एकच द्यायचा. आबा तडक बाजारात गेले. संध्याकाळी बाजारातून आले ते बारावीचं मराठीचं पुस्तक काखेत घेऊन. आता रोज पहाटे चष्मा लावून ओट्यावर बसतात आणि मला समोर बसवून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचतात. काल एका धड्यात एक म्हातारा आपला बैल विकायला निघतो, तिथे ते चष्मा काढून पुसायला लागले. मला पुढे वाचू देईनात, स्वतःलाही वाचता येईना. शेवटी सासूबाईंनी पुस्तक मिटलं आणि बैल विकला गेला का, ते उद्यावर ठेवलं.

आबांनी रात्री मला बजावलं, तू पुढची पानं एकटीने वाचायची नाहीस.

तुम्हां सर्वांचा लोभ राहो, आणि ऑक्टोबरपर्यंत थोडा उरो.

तुमची,
पुष्पा