मयत शिवणशिक्षिकेची बदली रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. बालकल्याण अधिकारी,
बालकल्याण कार्यालय.

विषय : माझी पत्नी मयत असल्याची नोंद घेऊन मुलीला निरीक्षणगृहात प्रत्यक्ष कामाची परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : ‘बदलीच्या ठिकाणी हजर न झाल्याबद्दल खुलासा करावा’ ही पत्नीच्या नावे आलेली आपली नोटीस.

सोबत : मृत्यूचा दाखला (आधीच्या दोन प्रती आपल्याकडे जमा आहेत), मुलीची बारावीची गुणपत्रिका.

महोदय,

१. मला कळले त्या दिवशी मी एका इमारतीच्या गच्चीवर पाण्याचा पंप खोलून बसलो होतो. निरीक्षणगृहाचा पहारेकरी जिने चढून वर आला आणि म्हणाला, “दादा, हात धुवा. दवाखान्यात जायचंय.” माझी पत्नी तेथे ठेवलेल्या, गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना शिवणकाम शिकवत असे. सकाळी कामावर जाताना ती बसथांब्यावर कोसळली. गळ्यात संस्थेचे ओळखपत्र होते, म्हणून दवाखान्याने आधी संस्थेला कळवले. मी पोहोचलो तेव्हा सगळे संपले होते.

२. त्याच संध्याकाळी हजेरीच्या वेळी मुलांना सांगण्यात आले, फळ्यावरही लिहिले गेले, की बाईंची बदली झाली. त्या संस्थेत ही जुनी रीत आहे. मुलगा पळाला तरी बदली, आवारातले कुत्रे मेले तरी बदली. मुले बिथरू नयेत एवढाच अधीक्षकांचा हेतू होता. ते वाईट गृहस्थ नाहीत, अंत्यविधीला शेवटपर्यंत थांबले. परंतु फळ्यावरची सूचना लिपिकाने खरी धरली व तशीच आपल्याकडे पाठवली. आता आपले कार्यालय माझ्या पत्नीला विचारते की ती हजर का झाली नाही. खुलासा तिच्याच सहीचा हवा, असे खिडकीवर सांगितले गेले. ती वारली, असे मी म्हणालो. त्यावर, “मग तसं त्यांनी लेखी कळवायला हवं होतं,” असे उत्तर मिळाले.

३. माझ्या मुलीला कायद्याच्या महाविद्यालयात जागा मिळत होती. मलाही तेच बरे वाटत होते. तिची मावशी म्हणाली की आईने त्या पोरांपायी जन्म घालवला, तू तरी सुखाची खुर्ची बघ. मुलीने दोन महाविद्यालये पाहिली आणि घरी येऊन मला विचारले, “बाबा, वकील पोराला तारखेला भेटतो. बाकीचे दिवस पोराला कोण भेटतं?” तिने समाजकार्याची पदवी निवडली. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांबरोबर कसे काम करावे, हे तेथे शिकवतात. प्रवेशासाठी अशा एखाद्या संस्थेचे संमतिपत्र लागते.

४. शहरात अशी संस्था एकच, हेच निरीक्षणगृह. कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाला त्याच संस्थेत घेता येत नाही, असा आपला नियम आहे. पत्नी नव्या ठिकाणी हजर होत नाही तोवर ती जुन्याच संस्थेची धरली जाते, असे आपल्या कार्यालयाचे म्हणणे आहे. ती कोठेही हजर होणार नाही. अधीक्षकांची अडचण वेगळी आहे. मुलगी आईच्याच तोंडवळ्याची आहे, पोरे लगेच ओळखतील व विचारतील. सध्याची मुले सुटून जाईपर्यंत थांबा, असे ते म्हणाले. महाविद्यालय थांबणार नाही.

५. पहारेकरी अधूनमधून माझ्या पंपदुरुस्तीच्या दुकानावर येतो. शिवणाच्या खोलीत हल्ली कोणी बसत नाही, असे त्याने सांगितले. निघता निघता तो म्हणाला, “पोरं बाईंना शिव्या देतात, दादा. म्हणतात, आमच्या घरच्यांसारखीच निघाली. न सांगता गेली.” महोदय, माझी पत्नी एका दिवसाची रजा घ्यायची तरी आदल्या दिवशी मुलांना सांगून यायची. हे ऐकून मला जेवण गेले नाही.

६. तरी पत्नीची बदली रद्द करून ती मयत असल्याची नोंद घ्यावी व मुलीला संमतिपत्र द्यावे. खरे काय झाले ते मुलांना सांगायला मुलगी तयार आहे. अधीक्षकांनी शेजारी उभे राहावे, इतकेच. एवढे सांगता येणार नसेल तर ती पदवी घेऊन काय करायचे, असे ती म्हणते. मुले चिडतील, रडतील. आम्ही दोघांनी घरी तेच केले, त्याने भिंती पडत नाहीत.

प्रवेशाची मुदत महिनाअखेरीस संपते. संमतिपत्र मिळालेले नाही. मुलांना अजून कोणीही सांगितलेले नाही.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
(सही)
दिवंगत शिवणशिक्षिकेचा पती
दिनांक : १८ जून